धाकू मयेकरांना चिकटलेलं नाव

धाकूभाऊ मयेकर पुस्तक उघडण्याआधी हुंगायचे. पानांत नाक घालून क्षणभर डोळे मिटायचे आणि मग सांगायचे, हे समुद्राकडच्या घरातलं, हे चुलीवरच्या माळ्यातलं, हे कोणीतरी आजारपणात उशाशी घेऊन झोपायचा त्याचं. खरं असायचं की नाही, देव जाणे. पण ते ऐकायला म्हणून तरी आम्ही त्यांच्या दुकानात जायचो. रत्नागिरीत रामआळीच्या मागच्या बोळात ते दुकान होतं. दारावर पाटी नव्हती, आणि तिची गरजही नव्हती.

त्यांचे वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे नावेचे प्रमुख, होते. धाकूभाऊंना मात्र पाण्यावर गेलं की उलट्या व्हायच्या. तांडेलाच्या मुलाला बोट लागते, यावरून घरीदारी इतकी थट्टा झाली की ते पोरवयातच मुंबईला मामाकडे निघून गेले आणि गिरगावात एका रद्दीवाल्याकडे कामाला लागले. तिथल्या कागद कापायच्या यंत्रात त्यांची डावी करंगळी अर्धी गेली. पण रद्दीत आलेलं सगळंच रद्दी नसतं, हेही ते तिथेच शिकले. शिळाप्रेसवर छापलेली पंचांगं, हातानं लिहिलेल्या पोथ्या, जुन्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या शोधत मोठी मोठी माणसं त्या दुकानाच्या पायऱ्या चढायची. लग्न झाल्यावर धाकूभाऊ गावी परतले आणि त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं.

कोकणात तेव्हा या धंद्याला तोटा नव्हता. गावातलं म्हातारं माणूस गेलं आणि मुलगे मुंबईत असले की घराला कुलूप लागायचं. कुलूप लावण्याआधी कोणीतरी धाकूभाऊंना निरोप पाठवायचं. ते एसटीने जायचे, पेट्या उघडायचे, कसर लागलेला कागद बाजूला काढायचे आणि उरलेलं घेऊन यायचे. येताना त्या घरच्यांना सांगून यायचे, "परत हवी वाटली तर या, मी देईन." काहीजण खरंच यायचे आणि ते खरंच द्यायचे.

त्यांच्या दुकानातल्या बाकावर रोज संध्याकाळी एक माणूस बसलेला असायचा. अनिल कोपर्डेकर. साताऱ्याकडचे. बदली होऊन इथल्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून आले होते आणि शेजारच्या चाळीत राहायचे. बोलायला गोड. ऐकायला त्याहून गोड. धाकूभाऊ धंद्यातल्या हकिकती सांगायचे आणि कोपर्डेकर हनुवटीखाली हात धरून ऐकायचे.

"धाकूशेठ, तुमचा धंदा म्हणजे रहस्यकथाच आहे की हो," एकदा ते म्हणाले.

"मग लिवा तुमी," धाकूभाऊ म्हणाले. "मी सांगतो, तुमी लिवा."

कोपर्डेकरांनी लिहिलं. 'लाल बासनाचं रहस्य' या नावाची पातळ कादंबरी मुंबईच्या एका प्रकाशनाने काढली. तिच्यात एक संशोधक होता, लाल फडक्यात बांधलेली, चोरीला गेलेली पोथी होती आणि संशोधकाला मदत करणारा एक प्रामाणिक जुना पुस्तकवाला होता. धाकूभाऊंना कोण आनंद झाला! त्यांनी प्रती विकत घेऊन ओळखीपाळखीत वाटल्या. त्यांच्या पत्नीने, कमळावहिनींनी, एक प्रत देवाच्या फडताळात ठेवली. मलाही एक मिळाली. मी तेव्हा नुकतीच शाळेत मराठी शिकवायला लागले होते.

त्यानंतर केळशीचं प्रकरण घडलं.

केळशीचे गोविंदभट दातार हे घरात एकटेच राहणारे वृद्ध. त्यांनी आपल्या पोथ्या विकायचं ठरवलं आणि धाकूभाऊंना बोलावलं. धाकूभाऊ गेले, जेवले, पोथ्यांचं गाठोडं घेऊन आले. त्याच आठवड्यात गोविंदभट पाणी शेंदायला गेले असता विहिरीच्या काठाचा चिरा निसटला आणि ते आत पडून वारले. बाहेरचा माणूस घरात येऊन गेला होता म्हणून पोलिसांनी धाकूभाऊंना चौकशीला नेलं. चिरा पावसाने सुटलेला होता, आणि घटना घडली तेव्हा धाकूभाऊ रत्नागिरीत दुकानात बसलेले दहाजणांनी पाहिले होते. त्यांना घरी सोडलं. विषय तिथे संपला.

पण त्या चौकशीने धाकूभाऊ फार हादरले होते. ज्या हाताने गोविंदभटांनी त्यांना दही वाढलं, तो हात त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. हे सगळं त्यांनी सांगितलं कोणाला? बाकावरच्या मित्राला. पोलिसांनी काय विचारलं, आपल्याला कसा घाम फुटला, एकदा तर वाटलं की आपण खरंच काही केलंय की काय, हेसुद्धा.

वर्षभराने 'विहिरीतली पोथी' आली. तिच्यातला जुना पुस्तकवाला एका दुर्मीळ हस्तलिखितासाठी म्हाताऱ्या भटजीला विहिरीत ढकलतो. त्याची करंगळी अर्धी तुटलेली आहे. तो पुस्तक उघडण्याआधी हुंगतो. कागद खाणाऱ्या किड्यावरून लोक त्याला 'कसऱ्या' म्हणतात. चौकशीत तो घाम पुसत म्हणतो, "मला वाटायला लागलंय की मी खरंच काही केलंय."

धाकूभाऊंनी ती एका बैठकीत वाचली आणि संध्याकाळी कोपर्डेकर बाकावर येऊन बसले तेव्हा त्यांच्यासमोर ठेवली. मी दुकानातच होते.

"ह्यो कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? पात्र आहे."

"करंगळी माझी. नाक माझं. मी तुमाला विश्वासानं सांगितलं ता माझं. म्हातारा मात्र मी मारला नव्हता."

कोपर्डेकर हसले. "अहो धाकूशेठ, कादंबरी आहे ही. लोक एसटीत वाचतात आणि उतरताना विसरतात. प्रकाशक तर खूश आहे. म्हणतो, आतापर्यंतचा सगळ्यात चांगला खलनायक जमलाय."

धाकूभाऊंनी बाक उचलून आत नेला. दुकानात पुन्हा तो कधी दिसला नाही, आणि कोपर्डेकरही. मात्र त्यांनी आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या, तिन्हींत कसऱ्या होता. वाचकांना तो हवा होता. पुढे त्यांची बदली झाली आणि ते निघून गेले.

लोक मात्र विसरले नाहीत, निदान बरीच वर्षं तरी नाही. त्या काळात गावोगावच्या वाचनालयांत अशा पुस्तकांसाठी नंबर लागायचे. चौकशीची बातमी अर्ध्या जिल्ह्याला तोंडपाठ होती. आता तिच्यावर पुस्तकही आलं म्हटल्यावर काय उरलं? धूर आहे म्हणजे आग असणारच, म्हणे. केळशीहून येणारे निरोप थांबले. मग आसपासच्या गावांचे थांबले. एका घरी ते पेटी बघायला गेले तर तिथल्या बाईने आतूनच सांगितलं, "पुस्तकं नाहीत आमच्याकडे. आणि विहीरही नाही." आत कोणीतरी फिसकन हसलं.

त्यांची एकुलती एक मुलगी, मृणाली, माझ्या वर्गात होती. मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती नाक फेंदारून फिरायची, एकमेकांची वह्या-पुस्तकं हुंगायची. मी ओरडले, छड्यासुद्धा दिल्या. त्याने एवढंच झालं, की पोरं माझ्या पाठीमागे हुंगायला लागली. मृणाली रडायची नाही. डबा मिटून वर्गात जाऊन बसायची.

पुढे ती नोकरीला लागली, तिला चिपळूणचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला होता. बोलणी जवळजवळ पक्की झाल्यावर मुलाच्या आत्याने भर बैठकीत विचारलं, "मयेकर म्हणजे ते... जुन्या पुस्तकांचे? कसऱ्या म्हणतात ते?" धाकूभाऊ उठून उभे राहिले. आपला हात कुठे ठेवावा, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो खिशात घातला. स्थळ मोडलं. मृणालीने त्यानंतर कोणाला आपल्याला बघायला येऊ दिलं नाही. कमळावहिनी त्या दुःखातच गेल्या, असं धाकूभाऊ म्हणायचे. डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं असेल.

धाकूभाऊंनी एक गोष्ट मात्र चिकाटीने केली. कोपर्डेकरांची प्रत जिथे दिसेल तिथून ती ते मिळवायचे. वाचनालयांनी बाद केलेल्या गठ्ठ्यांत, मुंबईच्या फुटपाथवर, लग्नघरांच्या अडगळीत. ती दुकानात आणून एकेक पान सुटं करायचे आणि एसटी स्टँडवरच्या शेंगदाणेवाल्याला पुड्या बांधायला द्यायचे. "खाऊन लोक चुरगाळून टाकतात," ते मला म्हणाले, "तेवढं बघून बरं वाटतं." जुनी पुस्तकं जपणं हा ज्याचा धंदा, त्याच्या हातून हे होत होतं. फक्त पहिली कादंबरी, त्या लाल बासनाची, त्यांनी फाडली नाही. फडताळातून काढून त्यांनी ती दुकानात उंच फळीवर ठेवली.

हळूहळू सगळं विसरलं गेलं. घराघरांत टीव्ही आले, वाचनालयांतले नंबर संपले, आत्या-मावश्या वारल्या. कोपर्डेकरही पुण्यात वारल्याचं पेपरात दोन ओळींत आलं. बोळातल्या नव्या पोरांना धाकूभाऊ म्हणजे शाळेची जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत देणारे आजोबा, एवढंच ठाऊक होतं. ते पुन्हा हसायला लागले होते. पुन्हा पुस्तक हुंगायला लागले होते.

मग चिपळूणला तो मोठा पूर आला. गाळ काढायला ठिकठिकाणहून मुलं आली, त्यांत पुण्याचा ऋत्विक नावाचा एक तरुण होता. एका घरात खालचं सगळं चिखलात गेलं होतं, वर माळ्यावर मात्र प्लॅस्टिकमध्ये बांधलेला एक गठ्ठा कोरडा राहिला होता. त्यात कोपर्डेकरांच्या पाचही कादंबऱ्या होत्या. घरच्यांनी त्या त्याला देऊन टाकल्या. ऋत्विकला रहस्यकथांचं वेड. त्याने त्या वाचल्या आणि तो भारावला. जुन्या पुस्तकांच्या दुनियेतल्या खून-चोऱ्या, त्यासुद्धा मराठीत, आणि कोणाला पत्ताच नाही! त्याने मोबाइलवर व्हिडिओ टाकले, लेख लिहिले. प्रती शोधू लागला तर कुठेच सापडेनात. यावर त्याने लिहिलं, की या पुस्तकांचं इतकं संपूर्ण नाहीसं होणं हेच एक रहस्य आहे. ते वाचून मृणालीने आपल्या वडिलांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

पुण्याच्या एका प्रकाशकाने पाचही कादंबऱ्या नव्याने काढल्या. 'विहिरीतली पोथी'च्या मुखपृष्ठावर तुटक्या करंगळीचा पंजा छापला. कोपर्डेकरांच्या मुलीने, निशिगंधाताईंनी, प्रस्तावना लिहिली. तिच्यात एक वाक्य होतं: बाबा सांगत, की खरा कसऱ्या रत्नागिरीत होता.

मग काय, ऋत्विक शोधत शोधत बोळात आला. वागायला चांगला मुलगा होता. वाकून नमस्कार केला. त्याची नजर धाकूभाऊंच्या हाताकडे गेली आणि तोंडातून निघून गेलं, "अरे बापरे, खरंच!"

मृणाली म्हणाली, "बाबा, याला जायला सांगा."

पण धाकूभाऊंना वाटलं, इतक्या वर्षांनी कोणीतरी समोर बसून विचारतंय, तर सांगून टाकावं. "बस बाबा," ते म्हणाले. त्यांनी सगळं सांगितलं. गोविंदभटांचं दही, चिरा, चौकशी, बाक, शाळेतली पोरं, चिपळूणचं स्थळ. ऋत्विक मोबाइलवर चित्रण करत होता. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले, हे मीही पाहिलं. जाताना म्हणाला, "आजोबा, तुमची बाजू लोकांसमोर यायलाच हवी."

व्हिडिओ आला तो सात-आठ मिनिटांचा. वर मोठ्या अक्षरांत, 'खरा कसऱ्या सापडला!' धाकूभाऊ पुस्तक हुंगतायत, त्यांची करंगळी जवळून, मागे घुमणारं संगीत, आणि त्यांचं वाक्य, "मला वाटलं, मी खरंच काही केलंय की काय." त्याच्या पुढचं-मागचं गाळलं होतं. मृणालीने फोन करून जाब विचारला तेव्हा ऋत्विक गोंधळला. पूर्ण मुलाखत नंतर टाकणार आहे म्हणाला. लोक लांब व्हिडिओ बघत नाहीत, असंही म्हणाला.

ती पूर्ण मुलाखत कधी आली नाही. लोक मात्र आले. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या वाट वाकडी करून रामआळीत थांबू लागल्या. "कसऱ्याचं दुकान कुठे?" बोळाच्या तोंडावरच्या चहावाल्याला विचारायचे आणि तो हसत बोट दाखवायचा. पोरीबाळी धाकूभाऊंच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढायच्या. "आजोबा, जरा रागावून बघा ना!"

प्रकाशकाने रत्नागिरीतही समारंभ ठेवला. निशिगंधाताई स्वतः दुकानात आमंत्रण द्यायला आल्या. साठीच्या, नीटनेटक्या बाई. म्हणाल्या, "तुम्ही आलात तर बाबांच्या आत्म्याला शांती मिळेल."

"त्यांच्या?" मृणालीने विचारलं.

निशिगंधाताई ओशाळल्या. पण धाकूभाऊ म्हणाले, मी येईन. त्यांनी स्वच्छ सदरा घातला, माझ्या आणि मृणालीच्या मध्ये पहिल्या रांगेत बसले. भाषणं झाली. विस्मरणात गेलेला मोठा लेखक, मराठी वाचकांचा करंटेपणा, वगैरे. मग सूत्रसंचालक म्हणाला, "आणि आज आपल्यात साक्षात..." आणि टाळ्या कडकडल्या.

धाकूभाऊ माइकपाशी गेले. "माझं नाव धाकू गणपत मयेकर," ते म्हणाले. "त्या भटजीचं नाव गोविंदभट दातार. पुस्तकात त्यांचं नाव नाय. ते बरे माणूस व्हते. त्यांनी मला जेवायला वाढलं व्हतं. मी त्यांना मारलं नाय. कोणीच मारलं नाय. चिरा सुटला व्हता. एवढंच सांगायला मी आलो."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "प्रत्येक खुनी हेच म्हणतो!" आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. ते हसणं वाईट मनाचं नव्हतं. प्रेमळच होतं म्हणा ना. लोकांना वाटलं, म्हातारा झकास रंगात आलाय. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ऋत्विक एकटा बसून होता आणि खाली बघत होता, पण उठून तोही काही बोलला नाही.

खाली उतरल्यावर एका कॉलेजच्या मुलीने पुस्तक पुढे केलं. "आजोबा, कसऱ्या म्हणून सही करा ना, प्लीज." त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. मुलीने ते वाचलं, तोंड पाडलं आणि थँक्यू म्हणून गेली.

हे इथेच थांबतं तर त्यांनी तेही गिळलं असतं. पुढच्या महिन्यात दुकानात एक बाई आल्या. चाळिशीच्या, खांद्याला ऑफिसची बॅग. फोटो काढायला आल्यासारख्या दिसत नव्हत्या. म्हणाल्या, "मी वेदिका दातार. गोविंदभट माझे आजोबा. आमच्या घरी नेहमी सांगायचे, की ते घसरून पडले. आता मुलाने मला तो व्हिडिओ दाखवला." त्यांनी खांद्यावरची बॅग सावरली. "मला फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही होता का तिथे?"

धाकूभाऊंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग म्हणाले, "नव्हतो गो. मी हयच होतो. ह्या दुकानात."

"बरं," ती म्हणाली. "माझा विश्वास आहे."

मृणालीने चहा आणला. वेदिकाबाईंनी कपाला हात लावला नाही. येते म्हणाल्या आणि उठल्या. दारातून बाहेर पडताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. धाकूभाऊंच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

त्या दिवशी संध्याकाळीच धाकूभाऊंनी मृणालीला सांगितलं, दुकान काढून टाकायचं. पुण्या-मुंबईचे संग्राहक पोथ्यांसाठी, जुन्या पंचांगांसाठी फोन करत होते. कसऱ्याच्या दुकानातलं पुस्तक म्हटल्यावर भाव वाढला होता. त्यांनी कोणाला दाद दिली नाही. पोथ्या तेवढ्या एका संस्थेला देऊन टाकल्या, आणि बाकी सगळं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलं. ती उंच फळीवरची पहिली कादंबरीसुद्धा. मी म्हटलं, "भाऊ, ती तरी ठेवा. तिच्यात तुम्ही चांगले आहात."

"तिच्यातही मी नव्हतोच," ते म्हणाले.

आता ते मृणालीबरोबर भाट्याला राहतात. मी अधूनमधून जाते. कान पार गेलेत, नजर चांगली आहे, तरी पेपरसुद्धा वाचत नाहीत. मृणालीने प्रकाशकाशी बराच काळ भांडण केलं. शेवटी त्यांनी नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर एक ओळ घातली, या कादंबरीतील सर्व पात्रे काल्पनिक आहेत. तिला वाटलं, निदान एवढं तरी झालं. मी गेले होते त्या दिवशी तिने ते पान त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"सगळी काल्पनिक," ते म्हणाले. "मग भोगलं कोणी?"

मृणालीने पुस्तक मिटलं आणि आत जाऊन भाताला पाणी ठेवलं. मला म्हणाली, बाई, जेवूनच जा. बांगडे आणलेत. मी थांबले.